आबांच्या जोडाला नंबर: रेव्हनकॉइन पहिल्यांदा वापरताना

सुभाषनगरात आमच्या घराच्या कट्ट्यावर आबा चपला शिवतात आणि मी राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. मागच्या दिवाळीत पुण्याचं एक गिऱ्हाईक जोड दुरुस्तीला घेऊन आलं. "तुमच्याच हातचा म्हणून विकला मला," असं त्यांचं म्हणणं. आबांनी जोड उलटा केला, अंगठ्याच्या नखानं तळाची कड उचलली. आत पुठ्ठा. आबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री धड जेवलेही नाहीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. पण ते मानांकन सगळ्या मुलखाचं आहे. हा एक जोड अमुक माणसाच्या हातचा, याची नोंद कुठं ठेवायची?

त्या नोंदीसाठी मी रेव्हनकॉइन हे बिटकॉइनसारखं डिजिटल नाणं वापरायला शिकलो. आता गल्लीतली चार पोरं विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

भिशी सगळ्यांना माहीत आहे. तिथं वही एकाकडं असते आणि आपला त्याच्यावर विश्वास असतो. इथं प्रत्येक सभासदाच्या घरी त्याच वहीची नक्कल असते आणि नवीन पान सगळ्यांच्या वहीत एकदमच चढतं. एकानं खाडाखोड केली तर बाकीच्यांच्या वह्यांशी ती जुळत नाही. बिटकॉइनची वही अशीच चालते. रेव्हनकॉइन बिटकॉइनच्याच कोडवरून ३ जानेवारी २०१८ ला सुरू झालं. फरक असा की, नाण्यांसोबत आपण स्वतः तयार केलेले टोकनही, म्हणजे एखाद्या वस्तूच्या नावाच्या डिजिटल चिठ्ठ्याही, या वहीत नोंदवता येतात. इंग्रजीत त्याला असेट म्हणतात. ब्रूस फेंटन, ट्रॉन ब्लॅक ही सुरुवातीच्या माणसांची नावं, पण याची मालक कंपनी कुठलीच नाही. सुरू करताना कुणी आपल्यासाठी नाणी आधी काढून ठेवली नाहीत, की विकलीही नाहीत. मला यात पडावंसं वाटलं ते यामुळंच.

वहीचं नवं पान म्हणजे ब्लॉक. तो साधारण दर मिनिटाला लिहिला जातो. लिहिण्यासाठी जगभरचे कॉम्प्युटर एक अवघड गणित सोडवायला धडपडतात. ज्याचं सुटेल त्याला नवीन नाणी मिळतात. हेच मायनिंग. सुरुवातीला एका ब्लॉकला ५००० नाणी मिळायची. दर २१ लाख ब्लॉकनंतर, म्हणजे अंदाजे चार वर्षांनी, हा आकडा निम्मा होतो. जानेवारी २०२२ मध्ये तो २५०० वर आला. एकूण नाणी २१०० कोटींच्या वर जाणार नाहीत, असा मूळ नियम आहे. कोडमधली एक चूक वापरून कुणीतरी सुमारे ३० कोटी नाणी जादा काढल्याचं जुलै २०२० मध्ये उघड झालं. चूक सापडली, कोड दुरुस्त झाला, पण निघालेली नाणी काही परत गेली नाहीत. नवख्या माणसाला हे आधीच माहीत असावं. वही सगळ्यांची असली तरी ती चालवणारं कोड माणसांनीच लिहिलेलं असतं.

फक्त मायनिंगसाठी बनवलेली महागडी यंत्रं इथं वरचढ ठरू नयेत म्हणून गणिताची पद्धत दोनदा बदलली. आता ६ मे २०२० पासून कॉपॉ नावाची पद्धत चालते. गेम खेळायच्या साध्या ग्राफिक्स कार्डावर ती चालते, पण कार्डाची मेमरी लागते आणि ती गरज वाढतच जाते. ४ जीबीची कार्डं केव्हाच बाद झाली. सेकंडहँड घेणार असाल तर ८ जीबीच्या खाली बघू नका. कार्ड विकत घेण्याआधी विकणाऱ्यासमोर अर्धा तास पूर्ण जोर लावून चालवून बघा आणि पंख्याजवळ कान न्या. घरघर येत असेल तर सोडून द्या.

आता विजेचा हिशोब. १५० वॅट खाणारं एक कार्ड दिवसरात्र चाललं तर रोज ३.६ युनिट, महिन्याला १०८ युनिट होतात. घरगुती बिलात शंभर युनिटच्या पुढं दर चढतो, म्हणजे एकट्या कार्डानं पहिला टप्पा पार केला, घरचा फ्रीज-पंखा वेगळाच. मी दोन महिने चालवलं. एकट्याच्या कार्डाला ब्लॉक सापडणं अवघड, म्हणून पूलमध्ये सामील झालो. ऊसतोडीच्या टोळीसारखंच, ज्याचं काम जेवढं तेवढा त्याचा वाटा. नाणी आली, पण बिल त्याहून जास्त आलं. माझं स्पष्ट मत आहे की घरच्या विजेवर पैसे कमवायला मायनिंग करू नका. शिकायचं असेल तर थंडीत चार दिवस करा, मग बंद करा. टोकन काढायला नाणी लागतात, तेवढी विकतच घ्या, आणि तीही केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरूनच, म्हणजे नाण्यांच्या ऑनलाइन बाजारातूनच.

वॉलेट, म्हणजे नाणी आणि टोकन सांभाळायचं सॉफ्टवेअर, मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचं ठेवा. रेव्हनकॉइन कोअर हे मूळ सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकलं की ते सगळी वही उतरवून घेतं. रात्री लावून झोपा. नाणी ज्यावर येतात तो तुमचा पत्ता इंग्रजी आर अक्षरानं सुरू होतो. वॉलेट तयार होताना बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते शब्द ज्याच्याकडं, नाणी त्याची. मोबाईलनं फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. मी वहीच्या कागदावर दोनदा लिहिले. एक कागद आईच्या ट्रंकेत आहे, दुसरा मामांकडं गडहिंग्लजला. माझ्या मावसभावाला "सपोर्टमधून बोलतोय" म्हणून मेसेज आला. त्यानं बारा शब्द दिले आणि दहा मिनिटांत वॉलेट रिकामं झालं. इथं सपोर्ट खातं नाही, पासवर्ड बदलून देणारं ऑफिस नाही. शब्द मागणारा प्रत्येक माणूस चोर समजा.

आता टोकन. मुख्य टोकनला ५०० नाणी लागतात. ती कुणाला मिळत नाहीत, कुणाकडं किल्ली नसलेल्या पत्त्यावर जाऊन कायमची जळतात. नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, कमीत कमी तीन अक्षरांचं. आकडे, टिंब आणि अंडरस्कोअर चालतात. एक नाव एकदाच, जो आधी घेईल त्याचं.

मी ठरवलं होतं कापशी हे नाव घ्यायचं. रात्री अकरा वाजता के-ए-पी-एस-एच-आय असं टाइप केलं, मधला ए राहिला. नाव मोकळं आहे का ते तपासायचं बटण दाबलं. मोकळं आहे असं आलं. येणारच, चुकीचं स्पेलिंग कोण घेऊन ठेवणार? मी खुशीत पुढं गेलो आणि ५०० नाणी जळाली. म्हणून सांगतो, आधी टेस्टनेटवर सराव करा. तिथल्या नाण्यांना किंमत नसते, बाकी सगळं हुबेहूब चालतं. आणि खरं नाव टाकताना दुसऱ्या कुणाकडून तरी एकेक अक्षर मोठ्यानं वाचून घ्या.

दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं. नाणी गेल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. रापी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कापशी हे तर गावाचं नाव. त्या घडणीच्या चपला गल्लीभर शिवतात. ते नाव तू आपल्या नावावर कसं करणार हुतास?"

ते बरोबर होतं. वहीत नाव कुणीही घेऊ शकतो, पण घेतलं म्हणून ते त्याचं होत नाही. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाली ही चपलेच्या घडणीची नावं, सगळ्यांची. ती घेऊन बसू नका, आणि दुसऱ्या कुणाच्या टोकनवर अशी नावं दिसली तर तेवढ्यावर विश्वासही ठेवू नका. आम्ही आमच्या कट्ट्याचं नाव घेतलं.

मुख्य टोकन तयार झालं की सोबत एक मालकीचं टोकन मिळतं, त्याच्या नावापुढं उद्गारचिन्ह असतं. ते ज्याच्याकडं, त्यालाच त्या नावाखाली नवीन टोकन काढता येतात. ते लगेच वेगळ्या वॉलेटमध्ये हलवा. रोजच्या पाठवापाठवीत चुकून गेलं तर नावच गेलं म्हणून समजा. मग प्रत्येक जोडासाठी युनिक टोकन, पाच नाण्यांचं. मुख्य नाव, मग # हे चिन्ह, मग नंबर. असं टोकन जगात एकच राहतं. त्यात आयपीएफएसवरच्या (फाइल अनेक कॉम्प्युटरवरून वाटून देणाऱ्या जाळ्यावरच्या) फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलवरून निघणारी ठशासारखी खूण, जोडता येतो. मी जोडाचे दोन फोटो आणि शिवल्याची तारीख जोडतो. एक ध्यानात ठेवा, वहीत फक्त हॅश राहतो, फाइल कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चालू ठेवावी लागते. आमची दुकानातल्या एका जुन्या मशीनवर आहे.

कराचं थोडक्यात. नाणी किंवा टोकन विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस. तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही आणि मायनिंगचं वीजबिलही धरलं जात नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि त्या दिवसाचा भाव साध्या कागदी वहीत लिहून ठेवा, म्हणजे सीएकडं गेल्यावर डोकं धरायची पाळी येत नाही.

आबा आता शेवटच्या टाक्यानंतर तळाच्या आतल्या बाजूला लोखंडी ठशानं नंबर उठवतात आणि मला हाक मारतात. गिऱ्हाइकाकडं वॉलेट असेल तर टोकन त्याच्या पत्त्यावर जातं. नसेल तर ते आमच्याच वॉलेटमध्ये राहतं आणि आबांच्या लाल वहीत त्या नंबरापुढं गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. काल ठशाचा १४ नंबर जरा तिरका उठला. आबांनी तो जोड घरात ठेवून घेतला आणि १५ नंबरचा शिवायला घेतला. १४ चं टोकन मी काढलेलं नाही.