रोम पाहायला जाताना: मराठवाड्यातील प्रवाशासाठी मार्गदर्शक

युरोपच्या दहा-बारा दिवसांच्या सामुदायिक सहलीत रोमच्या वाट्याला बहुधा दीड दिवस येतो आणि त्यातला बराच वेळ बसमध्ये किंवा रांगेत जातो. जेवणाची, भाषेची आणि सामानाची काळजी दुसऱ्याने वाहावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी अशा सहली सोयीच्या आहेत. परंतु अडीच हजार वर्षांहून अधिक काळ जिथे अखंड वस्ती राहिली आहे, ते शहर समजून घ्यायचे असेल तर स्वतः आखणी करून तिथे किमान चार पूर्ण दिवस द्यावेत. ही आखणी वाटते तितकी अवघड नाही. कोलोसियम हे प्राचीन प्रेक्षागार आणि व्हॅटिकनची संग्रहालये या दोनच ठिकाणांच्या वेळा आधी पक्क्या कराव्यात आणि उरलेले शहर एकेक भाग धरून पायी पाहावे.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी तेरला जाऊन यावे

हा सल्ला प्रवासाच्या पुस्तकांत सापडणार नाही, पण मराठवाड्यातील माणसासाठी रोमची याहून चांगली पूर्वतयारी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाने ओळखले जाणारे सागरी व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात दख्खनमधील बाजारपेठा म्हणून पैठण आणि तगर ही दोन नावे येतात. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून पुढे तांबड्या समुद्रामार्गे रोमन साम्राज्यात पोहोचे. भारताच्या व्यापारापायी साम्राज्याचे दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने त्याच शतकात करून ठेवली आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात उत्खननातून मिळालेल्या मातीच्या, दगडाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू मांडलेल्या आहेत. त्या निवांत पाहिल्या, तर रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य सार्वजनिक चौकात, उभे राहिल्यावर समोरचे भग्न खांब परक्याचे वाटत नाहीत, कारण तिथल्या श्रीमंतीशी आपल्या गावांचा व्यवहार होता हे मनात पक्के बसलेले असते.

दुसरी पायरी: महिना ठरवावा

रोमला जाण्यासाठी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम असतात. शाळेच्या उन्हाळी सुटीत जायचे असेल तर मेचा पहिला पंधरवडा साधावा. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर ती सुटीही चालते, मात्र नोव्हेंबरात रोममध्ये पावसाचे दिवस वाढतात. जुलै-ऑगस्ट टाळावेत. बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणाऱ्या परभणी-नांदेडच्या माणसाला रोमच्या पस्तीस अंशांचे काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु आपण आपल्याकडे वैशाखात भर दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि प्रवासात मात्र त्याच वेळी सावली नसलेल्या दगडी रस्त्यावरून चालत असतो. शिवाय 15 ऑगस्टच्या सणाच्या सुमारास तिथली अनेक कौटुंबिक दुकाने आणि खानावळी बंद असतात.

तिसरी पायरी: व्हिसाची कागदपत्रे जमवावीत

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी दाखल व्हावा लागतो. प्रत्यक्षात गर्दीच्या हंगामात भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून तीन महिने हाताशी ठेवावेत. जून 2024 पासून प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क 90 युरो आहे आणि अर्ज केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे असते. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालेल असा पासपोर्ट आणि किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा, या दोन गोष्टींवाचून अर्ज पुढे सरकत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. मुंबईची सकाळची वेळ घेतली असेल तर रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने जाऊन काम उरकता येते, पण गाडीला उशीर होऊ शकतो हे धरून भेटीची वेळ दहाच्या पुढचीच घ्यावी.

शेतीवर उत्पन्न असलेल्या कुटुंबांनी येथे थोडी अधिक काळजी घ्यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे अनेकांकडे आयकर विवरणपत्र नसते आणि अर्ज तपासणाऱ्याला मात्र आर्थिक स्थितीचा पुरावा हवा असतो. अशा वेळी बँकेचे शिक्क्यासह खातेविवरण हा मुख्य आधार ठरतो. सातबारा उतारा आणि आडतीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडाव्यात, आणि उत्पन्न वर्षातून एक-दोनदाच का जमा होते हे सोबतच्या पत्रात चार ओळींत स्पष्ट करावे. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरल्याने अर्ज बळकट होत नाही, उलट शंका येते.

चौथी पायरी: दोन तिकिटे आधी काढावीत

कोलोसियमचे बांधकाम सम्राट वेस्पासियनने सुरू केले आणि इसवी सन 80 मध्ये त्याचा मुलगा टायटस याने ते लोकांसाठी खुले केले. आज तिथे रोज इतकी गर्दी असते की आयत्या वेळी तिकीट मिळेल या भरवशावर जाणे म्हणजे दिवस वाया घालवणे होय. अधिकृत संकेतस्थळावर साधारण तीस दिवस आधी तिकिटे खुली होतात. साधे तिकीट 18 युरोच्या आसपास असून त्यातच रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडीचा प्रवेश असतो. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश निःशुल्क आहे, तरी त्यांचीही नोंदणी करावीच लागते. तिकिटावर प्रवाशाचे नाव छापलेले असते आणि ते ओळखपत्राशी ताडून पाहतात, म्हणून पासपोर्टवर आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, नाव भरावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण त्या दिवशीची रांग पाहता अठरा युरो देणे परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता इतर सर्व रविवारी बंद असतात. तेथेही सकाळची पहिली वेळ आधी घेऊन ठेवावी. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असल्यास सेंट पीटर बॅसिलिका या मोठ्या चर्चचा परिसर दुपारपर्यंत दर्शनासाठी बंद राहू शकतो, तेव्हा व्हॅटिकनसाठी बुधवार निवडू नये. बॅसिलिकाचा प्रवेश विनामूल्य आहे, मात्र खांदे व गुडघे झाकणारा पोशाख सक्तीचा आहे. साडी, सलवार-कमीज किंवा साधी पँट असेल तर काहीच अडचण येत नाही. अडतात ती बर्मुडा घालून आलेली मंडळी.

पाचवी पायरी: मुक्काम आणि येणे-जाणे

मुक्काम मेट्रोच्या स्थानकापासून पायी अंतरावर असावा. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ हॉटेले स्वस्त मिळतात, पण रात्री तो भाग फारसा प्रसन्न नसतो. कुटुंब सोबत असल्यास व्हॅटिकनजवळचा प्राती हा भाग अधिक शांत आहे. खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त माणशी, दर रात्रीचा शहर-कर हॉटेलात भरावा लागतो, तो हिशेबात धरावा.

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ही रेल्वे न थांबता सुमारे 32 मिनिटांत तेर्मिनीला पोहोचते आणि तिचे भाडे 14 युरो आहे. चौघे जण असतील तर विमानतळावरून जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतपर्यंत ठरवून दिलेल्या भाड्याची पांढरी टॅक्सी जवळपास तेवढ्यातच पडते. शहरातले साधे तिकीट 1.50 युरोचे असून ते 100 मिनिटे चालते. बसमध्ये चढताच ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवावा लागतो. ठसा नसलेले तिकीट खिशात असूनही दंड होतो.

सहावी पायरी: दिवसांची आखणी

पहिला दिवस पँथिऑन हे प्राचीन मंदिर, नवोना चौक, त्रेव्ही कारंजे आणि स्पॅनिश पायऱ्या या पायी जोडलेल्या पट्ट्याला द्यावा. पँथिऑनची आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, इसवी सन 126 च्या सुमारास पूर्ण झालेली आहे, तिचा 43.3 मीटर व्यासाचा घुमट लोखंडी सळ्यांशिवाय ओतलेल्या काँक्रीटचा असून त्या प्रकारात आजही जगात सर्वांत मोठा आहे. घुमटाच्या माथ्याला मोठे वर्तुळाकार छिद्र आहे. पाऊस आला की पाणी थेट आत पडते आणि फरशीतल्या भोकांतून निघून जाते. म्हणून पावसाने बेत बिघडला असे वाटेल तेव्हाच इकडे वळावे. स्पॅनिश पायऱ्यांवर बसण्यास 2019 पासून मनाई आहे आणि बसल्यास दंड होतो.

दुसऱ्या दिवशी कोलोसियम झाल्यावर बहुतेक लोक थेट फोरममध्ये उतरतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात, कारण खालून पाहताना तिथे फक्त विखुरलेले दगड दिसतात. त्याऐवजी आधी पॅलाटाइन टेकडीवर चढावे. वरून कोणता रस्ता कुठे जातो, सभागृह कुठे होते आणि देवळे कुठे होती याचा नकाशा डोळ्यांसमोर उलगडतो, आणि मग खाली उतरले की प्रत्येक ढिगाऱ्याला जागा मिळते. टायटसच्या कमानीच्या आतल्या बाजूला जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून नेलेला सात फाट्यांचा दीप कोरलेला आहे. तो न पाहता पुढे जाऊ नये.

त्याच दिवशी दुपारनंतर सान क्लेमेंते हे चर्च पाहावे. या शहराचे सार एकाच जागी पाहायचे असेल तर ते इथे आहे. वर बाराव्या शतकातले चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातले चर्च, आणि त्याही खाली रोमन काळातल्या इमारती व ख्रिस्ती धर्म पसरण्यापूर्वी पूजल्या जाणाऱ्या मिथ्र देवतेचे पूजास्थान, असे तीन काळ एकावर एक रचलेले आहेत आणि जिना उतरत आपण त्यांतून मागे जातो. वेरूळला तीन धर्मांची लेणी एकाच डोंगराच्या अंगाला शेजारी-शेजारी आहेत, तर इथे एका श्रद्धेवर दुसरी श्रद्धा बांधली गेली आहे. हा फरक वेरूळ पाहिलेल्या माणसाला जितका पटकन जाणवतो तितका इतरांना जाणवत नसावा. येथील बरीच चर्चे दुपारी काही तास बंद असतात, म्हणून वेळ पाहून जावे.

तिसरा दिवस व्हॅटिकनचा. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेले, संग्रहालयांच्या फेरीतच येणाऱ्या सिस्टिन चॅपेल या प्रार्थनागृहाचे छत मान वर करून पाहावे लागते आणि तिथे छायाचित्रे काढता येत नाहीत, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून कडेच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबावे आणि मग बसून पाहावे. बॅसिलिकाच्या घुमटावर जायला एकूण 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी त्यातल्या 320 चढाव्याच लागतात, आणि शेवटचा टप्पा अरुंद व कलता आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना खाली चौकातच थांबू द्यावे.

सातवी पायरी: जेवण आणि पाणी

पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. शहरभर ‘नासोनी’ नावाचे सुमारे अडीच हजार लोखंडी नळ अखंड वाहत असतात, त्यांचे पाणी थंड व पिण्यायोग्य असते. शाकाहारी माणसाची रोममध्ये उपासमार होत नाही, पण त्याने नीट विचारावे. मार्गेरिता पिझ्झा, टोमॅटो व तिखट मिरचीची अराब्याता आणि लसूण-तेलाची अल्यो ए ओल्यो या पास्त्यांत मांस नसते. कार्बोनारा आणि आमात्रिचाना यांत डुकराचे मांस असते. भाजीच्या सूपमध्येही मांसाचा अर्क असू शकतो. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ करून ठेवावेत. पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचे चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील विकराने जमवलेले असते, त्यामुळे कडक शाकाहारी लोकांनी चीज नसलेला मारिनारा पिझ्झा मागवावा. ज्यांना भाकरी-ठेच्याशिवाय राहवत नाही त्यांनी ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी सोबत न्यावीत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपात नेण्यास बंदी आहे, म्हणून तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवावेत. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते आणि टेबलाशी बसून घेतली की भाव वाढतो. ही फसवणूक नव्हे, तिथली रीतच आहे.

आठवी पायरी: खिसा सांभाळावा

रोममध्ये हिंसक गुन्ह्यांची भीती थोडी, पण खिसेकापूंचे हात फार सराईत असतात. तेर्मिनी स्थानक, मेट्रोची ए मार्गिका आणि तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 क्रमांकाची बस येथे पाठीवरची पिशवी पोटावर घ्यावी. हातात फुकट गुलाब किंवा दोरा देणाऱ्याला आणि योद्ध्याच्या वेशात छायाचित्रासाठी बोलावणाऱ्याला न थांबता नकार द्यावा. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास युरो निवडावे. रुपये निवडल्यास दर महाग लागतो. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार नोंदवून मग व्हिया व्हेंती सेत्तेम्ब्रे या रस्त्यावरील भारतीय दूतावासात जावे. आणीबाणीचा क्रमांक 112 आहे.

नववी पायरी: चौथ्या दिवशी नेपल्सला जाऊन यावे

जलद रेल्वेने रोमहून नेपल्स सव्वा तासाच्या आसपास आहे आणि तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त मिळते. तेथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात ती 1938 मध्ये सापडली आणि ती भारतात घडवलेली आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्यामुळे ती दख्खनमधूनच गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. नेपल्सच्या मुख्य स्थानकावरून मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेने काव्होर हे एकच स्थानक पुढे जाऊन थोडे चालावे. दालने अनेक असल्याने मूर्ती सहज सापडत नाही. तिचे चित्र मोबाइलमध्ये ठेवून आत शिरताच कर्मचाऱ्याला दाखवावे आणि ती त्या दिवशी कोणत्या दालनात पाहायला मिळेल हे आधी विचारून घ्यावे.