घरची स्ट्रॉबेरी तोडताना, ठेवताना या चुका टाळा

कुंडीतली पहिली स्ट्रॉबेरी रंग धरू लागली की हात शिवशिवतात, हे मान्य. पण अर्धवट लाल फळ तोडून 'घरात पिकेल' म्हणणारे दरवर्षी भेटतात आणि जीव हळहळतो. स्ट्रॉबेरी म्हणजे आंबा नव्हे, तिला आढी लागत नाही. तोडल्यावर रंग जरा गडद होतो, गोडी वाढत नाही. देठाजवळचा पांढरा भाग लाल होईपर्यंत थांबा. महाबळेश्वर-भिलारच्या शेतकऱ्याला माल लांबच्या बाजारात पोचवायचा असतो, म्हणून तो थोडी आधी तोडतो. तुमचं फळ तर गच्चीवरून स्वयंपाकघरात यायचंय!

फळ ओढू नका, देठ नखाने खुडा. हिरवी टोपी फळावरच राहू द्या. भर उन्हात तोडू नका; सकाळी दव वाळलं की लगेच तोडा.

सगळ्यात महागात पडते ती धुऊन ठेवण्याची चूक. एका जानेवारीत माझ्या कुंड्यांमधून अर्धा किलो फळं एकदम निघाली. भाची रविवारी येणार होती, म्हणून राखून ठेवली. स्वच्छ धुतली, टोप्या काढल्या, स्टीलच्या डब्यात दाबून भरली, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास. तळाशी लाल पाणी, एका फळावर करड्या मखमलीसारखी बुरशी, आणि त्याला चिकटलेली सगळी फळं मऊ पडलेली. भाचीच्या हातावर चार फळंही ठेवता आली नाहीत, ते अजून मनाला लागतं. या बुरशीचे कण बागेतूनच फळासोबत येतात. फ्रिजच्या गारव्यात ती मरत नाही, फक्त मंदावते. ओल मिळाली की फोफावते.

तेव्हापासून मी पसरट डबाच घेते. तळाला जुनं सुती कापड, त्यावर टोपीसकट फळांचा एकच थर, झाकण किंचित उघडं. रोज एकदा बघून मऊ पडलेलं फळ बाजूला काढते. खायच्या वेळी धुते, तेही टोपीसकट, नाहीतर पाणी आत शिरतं.

व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवली की टिकते, असं लोक सांगतात. नंतर एकेक फळ कोरडं करण्याचा धीर असेल तरच त्या वाटेला जा.

फळं जास्त झाली तर धुऊन, पूर्ण वाळवून, टोप्या काढून ताटात सुटी सुटी गोठवा आणि मगच पिशवीत भरा. थेट पिशवीत कोंबली तर एकच गोळा होतो. गोठवलेली फळं नंतर मऊच पडतात, म्हणून ती जॅमला किंवा मिल्कशेकला वापरा.