स्टॅकिंग रात्रभर चालतंय? कॉम्प्युटरवर पैसे घालण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना आपल्याकडे दोनच उद्योग उरतात: हिवाळ्या-उन्हाळ्यात साठवलेला डेटा प्रोसेस करणं (त्यातलं मोठं काम स्टॅकिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या शेकडो फ्रेम्स एकावर एक रचून एक स्वच्छ चित्र काढणं) आणि कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुरकुरणं. मग खरेदी होते, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या वस्तूची होते.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे आधी ग्राफिक्स कार्ड घेणं. ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, "काका, भारीतलं कार्ड टाकलं, तरी ओरायन नेब्युलाचं स्टॅकिंग रात्रभर चाललंय. दुकानदार म्हणाला होता, मशीन नुसतं पळेल." त्याला म्हटलं, स्टॅकिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघड आणि आकडे वाच. प्रोसेसर १५ टक्क्यांच्या आसपास, कार्ड जवळजवळ शून्य, डिस्क १००. सगळ्या फ्रेम्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि मधल्या फायलीही तिथेच लिहिल्या जात होत्या!

गणित साधं आहे. २६ मेगापिक्सेलच्या रंगीत कॅमेऱ्याची एक फ्रेम डिबायर होऊन (म्हणजे प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग मिळून) प्रत्येक रंगाला ३२ बिटमध्ये आली की सुमारे ३१२ एमबीची होते. अशा २०० फ्रेम्स म्हणजे ६० जीबीच्या वर. तारे एकमेकांवर जुळवलेल्या (अलाइन केलेल्या) फ्रेम्सचे पुन्हा तेवढेच. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते, बरी एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) तीन हजार. डीपस्कायस्टॅकर असो, सिरिल असो वा पिक्सइनसाइट, सॉफ्टवेअर कुठलंही असो, स्टॅकिंगचा भार प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर पडतो. कार्डाचा उपयोग होतो तो तारे वेगळे काढणाऱ्या किंवा चित्र रेखीव करणाऱ्या एआय साधनांना, आणि ती तयार चित्रावर चालतात, शेकडो फ्रेम्सवर नाही. पोरानं शेवटी एसएसडी घेतली, कार्डाच्या मानानं किरकोळ पैशांत. आता जेवण होईपर्यंत स्टॅक तयार असतो.

एसएसडी घेतानाही सगळ्यात स्वस्त उचलू नका. क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या) प्रकारातल्या सलग लिहीत राहिलं की कॅश, म्हणजे आतली वेगवान तात्पुरती जागा, भरून मंदावतात, आणि आपलं काम नेमकं सलग लिहिण्याचं. पिक्सइनसाइट वापरत असाल तर त्याचं स्वॅप फोल्डरही (तात्पुरत्या फायलींची जागा) एसएसडीवरच द्या. प्रत्येक पायरीचा इतिहास ते तिथेच लिहितं.

रॅमची एकच मोठी पट्टी टाकू नका. सारख्या दोन घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होते. माझ्या मते ३२ जीबीच्या खाली आता अर्थ नाही. २x ड्रिझल (फ्रेम्स रचतानाच चित्र लांबी-रुंदीत दुप्पट मोठं करणं) केलं की पिक्सेल चौपट होतात, त्याच कॅमेऱ्याचं एक चित्र सव्वा जीबीवर जातं. तरी नवशिक्यांना ड्रिझल पहिल्याच दिवशी हवं असतं. कशाला, विचारलं की उत्तर नसतं.

लॅपटॉप गादीवर ठेवून स्टॅकिंग लावू नका. तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. मी मागून उचलून ठेवतो आणि पंखा सोडतो.

अँटिव्हायरसला प्रोसेसिंगचं फोल्डर वगळायला सांगा. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर काम करूच नका.

आणि फुकटचं अपग्रेड कुणालाच नको असतं: फ्रेम्स आधी डोळ्यांखालून घालणं. ढग आलेल्या, ट्रॅकिंग घसरलेल्या, फोकस गेलेल्या फ्रेम्स मी स्टॅकिंगआधीच काढतो. विमानाची रेघ रिजेक्शनमध्ये (एखाद्याच फ्रेममधलं वेगळं काही गाळण्यात) जाते, गेलेला फोकस जात नाही. 'सॉफ्टवेअर बघून घेईल' म्हणत सगळं आत ढकलणारेच नंतर मशीनला शिव्या देतात.

एसएसडी लवकर भरते, म्हणून मधल्या फायली काम झालं की उडवतो. मूळ फ्रेम्स, तसंच डार्क आणि फ्लॅट (कॅमेरा-दुर्बिणीचे दोष काढायला घेतलेल्या फ्रेम्स) मात्र जुन्या हार्ड डिस्कवर, दोन प्रतींत. तिथे वेग नसला तरी चालतो.