नर्स प्रॅक्टिशनरचा मालप्रॅक्टिस विमा : या चुका टाळा

मालप्रॅक्टिसचा, म्हणजे उपचारातल्या निष्काळजीपणाचा, दावा रुग्ण तपासला त्या दिवशी येत नाही. तो दोन-तीन वर्षांनी येतो, आणि तोवर आपण ती नोकरी, कधी कधी ते राज्यही सोडलेले असते. अमेरिकेत काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः रुग्ण तपासून औषध लिहून देणाऱ्या परिचारिका) विमा निवडताना ज्या चुका करतात, त्यांतल्या सर्वांत महागड्या चुका मधल्या या काळाचा विचार न केल्यामुळे होतात.

पॉलिसीचा प्रकार न पाहता हप्ता पाहणे

पॉलिसी दोन प्रकारच्या असतात. ऑकरन्स पॉलिसीत घटना घडली तेव्हा विमा चालू असणे पुरेसे असते. दावा कितीही वर्षांनी आला तरी तीच पॉलिसी उभी राहते. क्लेम्स-मेड पॉलिसीत मात्र घटना रेट्रोअॅक्टिव्ह तारखेनंतरची (पॉलिसीचे संरक्षण जिथून सुरू होते त्या तारखेनंतरची) असावी लागते आणि दावा येतानाही पॉलिसी चालू असावी लागते. समजा, एखादीने २०२१ मध्ये क्लेम्स-मेड पॉलिसीखाली काम सुरू केले, जून २०२३ मध्ये नोकरी सोडली, आणि २०२२ मधल्या एका तपासणीबद्दल २०२४ मध्ये नोटीस आली. तपासणीच्या दिवशी तिचा विमा होता, नोटिशीच्या दिवशी नव्हता. त्यामुळे वकिलाचा खर्चही तिच्याच अंगावर पडतो.

ही पोकळी भरून काढण्यासाठी टेल कव्हर, म्हणजे पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या जुन्या घटनांच्या दाव्यांसाठीचे संरक्षण, घ्यावे लागते. त्याची किंमत बहुधा शेवटच्या वार्षिक हप्त्याच्या दीड ते दोन पट, कधी त्याहूनही जास्त असते, आणि ते पॉलिसी संपल्यानंतर थोड्याच दिवसांच्या ठरावीक मुदतीत घ्यावे लागते. म्हणून टेलचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न राजीनामा देताना नव्हे, तर नोकरी स्वीकारतानाच विचारावा आणि त्याचे उत्तर करारात लिहून घ्यावे. दुसरा मार्ग म्हणजे नव्या विमा कंपनीकडून जुनीच रेट्रोअॅक्टिव्ह तारीख मान्य करून घेणे. ती तारीख नकळत नव्या नोकरीच्या पहिल्या दिवसावर सरकली, तर मागची सगळी वर्षे उघडी पडतात.

क्लेम्स-मेडचा पहिल्या वर्षीचा हप्ता कमी दिसतो, कारण त्या वर्षी मागचे दावे येण्याची शक्यताच कमी असते. पुढे साधारण पाच वर्षे तो वाढत जातो. पहिल्या वर्षीचे दोन आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरते.

दावा किती उशिरा येऊ शकतो, हे राज्यावर अवलंबून असते. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे अडीच वर्षांची मुदत आहे. परंतु कर्करोगाचे निदान हुकले असेल, तर २०१८ च्या दुरुस्तीनुसार ही मुदत चूक कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून मोजली जाते आणि मूळ घटनेपासून सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. प्राथमिक आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण निदान चुकणे किंवा लांबणे हा त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप असतो.

'संस्थेचा विमा आहे, तेवढा पुरे'

संस्थेचा विमा सर्वप्रथम संस्थेचे रक्षण करतो. १० लाख डॉलर प्रति दावा आणि ३० लाख डॉलर वार्षिक ही मर्यादा कागदावर भरपूर वाटते. पण ती तुमच्या एकटीची आहे की डॉक्टर, परिचारिका आणि क्लिनिक अशा सर्वांत मिळून आहे, हे विचारलेच पाहिजे. शिवाय राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे परवान्याविरुद्ध तक्रार गेली, तर संस्थेच्या पॉलिसीत बहुधा त्यासाठी वकील मिळत नाही. शनिवार-रविवारी दुसरीकडे केलेले काम त्यात येत नाही. कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्यांना तर अनेकदा त्या पॉलिसीत स्थानच नसते. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना फेडरल टॉर्ट क्लेम्स कायद्याचे (ज्यात दावा कर्मचाऱ्याऐवजी सरकारवर होतो) संरक्षण असू शकते आणि त्यात टेलचा प्रश्न उद्भवत नाही, पण तेही त्या केंद्राच्या कामापुरतेच.

स्वतःचा विमा असला की वकील आपल्यालाच लक्ष्य करतात, हा समज मला घातक वाटतो. रुग्णाच्या नोंदींवर तुमची सही आहे म्हणून तुमचे नाव दाव्यात येते. तुमच्या खासगी पॉलिसीची माहिती तोवर समोरच्याला बहुधा नसतेच.

तडजोडीचे कलम न वाचणे

तुमच्या संमतीशिवाय विमा कंपनी दावा मिटवू शकते का, हे अवश्य पाहावे. तुमच्या वतीने दिलेली भरपाई, रक्कम कितीही लहान असो, नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत (अशा भरपायांच्या सरकारी नोंदसंग्रहात) नोंदली जाते, आणि रुग्णालये नेमणुकीच्या वेळी ती नोंद पाहतात. काही पॉलिसींत संमतीचा हक्क असतो, पण तुम्ही तडजोड नाकारलीत तर त्यापुढच्या खर्चाचा बोजा तुमच्यावर टाकणारे कलमही सोबत असते. वकिलाचा खर्च विमा मर्यादेतून वजा होतो की वेगळा दिला जातो, हेही तपासावे.

कामाचे खरे स्वरूप न कळवणे

टेलिहेल्थमध्ये, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून उपचार करताना, रुग्ण ज्या राज्यात असतो, तिथे उपचार झाले असे सामान्यतः मानतात. परवाना आणि विमा दोन्ही त्या राज्यासाठी लागतात. बोटॉक्ससारखी सौंदर्योपचाराची कामे अर्जात लिहिली नाहीत, तर दावा नाकारला जाऊ शकतो. महाराष्ट्र मंडळाच्या आरोग्य शिबिरात विनामूल्य रुग्ण तपासतानाही, पॉलिसीत स्वयंसेवी काम येते का, हे आधी विचारावे. पुण्याहून मावशी फोनवर औषध विचारते तेव्हा नाही म्हणणे जड जाते. परंतु भौगोलिक हद्दीचे कलम वाचल्याशिवाय तिला औषध सुचवू नये.

चूक झालीच असेल तर

आजच संस्थेकडून विम्याचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचा पॉलिसीचा प्रकार, मर्यादा व रेट्रोअॅक्टिव्ह तारीख पाहावी. नुकतीच नोकरी सोडली असेल, तर टेलची मुदत उरली आहे का, हे विमा कंपनीला लगेच विचारावे. मुदत गेली असल्यास जुन्या तारखेपासून संरक्षण देणारी पॉलिसी मिळते का, याची दलालाकडे चौकशी करावी. वकिलाने रुग्णाच्या नोंदी मागितल्याचे पत्र आले, तरी ते लगोलग विमा कंपनीला कळवावे, कारण दाव्याची चाहूल लागूनही न कळवणे हे संरक्षण नाकारण्याचे कारण होऊ शकते. जुन्या नोंदींत एक शब्दही बदलू नये, आणि बोर्डाच्या पत्राला वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देऊ नये. संपलेल्या पॉलिसींचे कागद फेकू नयेत. पाच वर्षांनी नोटीस आली, तर ऑकरन्स पॉलिसी त्या वर्षी चालू होती, हे त्या कागदांवरूनच दाखवता येते.