तूप नको म्हणायचं कसं?

पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी तूप पडतंच, बोटांच्या फटीतून. आपल्याकडं जेवताना 'नको' या शब्दाला फारसा अर्थ नसतो. पहिला नको म्हणजे लाज, दुसरा म्हणजे रीत. तिसऱ्याला वाढपी थांबतो, तेही पुढच्या पानाला उशीर होतोय म्हणून. अशा मुलखात चार वर्षांपूर्वी मी दूध, दही, तूप, पनीर, मध सगळं सोडलं. घर लातूरचं, सासुरवाडी परभणी जिल्ह्यातली, नोकरी संभाजीनगरला. म्हणजे जेवणाची आमंत्रणं तीन बाजूंनी.

मांस न खाणं इथं अवघड नाही. वारकरी, महानुभाव, लिंगायत, जैन अशी घरं गावोगाव आहेत. मटण नको म्हटलं की "माळ घातली का?" एवढं विचारतात आणि विषय संपतो. दूध-तूप नको म्हटलं की मात्र विषय सुरू होतो. हा लेख त्या दुसऱ्या 'नको'साठी.

१. एक वाक्य पाठ करा

"दूध-दही-तूप खात नाही, बाकी सगळं चालतं." एवढंच.

'व्हेगन', म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारा, हा शब्द १९४४ साली इंग्लंडात काही मंडळींनी आपली संस्था काढताना घडवला. गावात तो वापरायचा तर अर्धा तास हाताशी पाहिजे. 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, कारण आपल्या शाकाहारात दूध आलंच. 'उपास आहे' म्हणालात तर तुपातली साबुदाणा खिचडी येईल, वर दह्याची वाटी. आणि वाक्याचा शेवट 'चालतं' या शब्दावरच करा. 'नाही'वर थांबलात की समोरच्या बाईच्या डोळ्यांपुढं रिकामं ताट उभं राहतं.

खोटं कारण सांगू नका. पहिल्या वर्षी मी "दूध मानवत नाही" असं सांगत फिरायचो. एका मावशींनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि गावरान गाईच्या तुपाचा डबाच बांधून आणला. "त्या पिशवीच्या दुधानं होतंय तसं. हे घरचं हाय, खाऊन बघा." आजार सांगितला की औषध येतं. पुढच्या खेपेला "फरक पडला का?" हेही येतं.

२. वाढणाऱ्या हाताला दुसरं काहीतरी द्या

सगळ्या लेखातली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

दूध डेअरीला घालायचं आणि घरात भाकरी-कोरड्यासावर भागवायचं, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तूप राखून ठेवायचं ते पाहुण्यासाठी. त्यामुळं पानावर पडणारं तूप हा मान असतो. तुम्ही तूप नाकारता तेव्हा तो मान परत करता, आणि वाढणारीच्या हातात भांडं तसंच राहतं. दुखतं ते तिथं. मग काय करायचं, तर मागायचं. "तूप नको, पण घाण्याचं तेल आहे का?"

हा प्रश्न मराठवाड्यात जादूसारखा चालतो. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, चटणीत बोटानं खळगा आणि त्यात करडईचं किंवा शेंगदाण्याचं कच्चं तेल, हे इथल्या प्रत्येकाचं लहानपण आहे. सोयाबीन आल्यापासून करडईचा पेरा घटला, तरी तेल अजून मिळतं आणि ते घरात असलं तर माणसं अभिमानानं काढतात. वरणावरही ते छान लागतं. यजमानीण समाधानानं वाढते, कारण तिला वाढायला काहीतरी मिळालेलं असतं.

आमंत्रण आलं की फोन करा, पण बोलावणाऱ्याला नव्हे, रांधणाऱ्याला. दोन दिवस आधी. आणि मागताना बदाम-दूध, टोफू असलं काही काढू नका. तिच्याच स्वयंपाकघरात जे आहे ते मागा: ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगोळे, वरणफळं, कारळाची किंवा जवसाची चटणी. या सगळ्यात मुळात दूध नसतंच. "वहिनी, तुमच्या हातची येसराची आमटी करा, बाकी काही नको" असा फोन आल्यावर नाराज झालेली वहिनी मी अजून पाहिलेली नाही. धपाटे मागताना मात्र जपून. पीठ बहुतेक घरी पाण्यातच भिजवतात, पण काही ठिकाणी दही पडतं.

रिकाम्या हातानं जाऊ नका. पेढे न्यायची सवय असेल तर त्याऐवजी फळं न्या. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केशर आंबा या तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पेढ्यापेक्षा ती कमी मानाची नाहीत.

३. चहा

जेवणाचं आमंत्रण महिन्यातून दोनदा येतं, चहाचं दिवसातून सहादा. आणि चहा नको म्हणणं जेवण नको म्हणण्यापेक्षा वाईट, कारण त्यात 'तुमच्याकडं बसायचं नाही' असा वास येतो.

कोरा चहा मागा, पण मागायची वेळ महत्त्वाची. पाण्याचा ग्लास आला की लगेच सांगायचं: "चहा उकळला की दूध घालायच्या आधी माझा कप काढा." दुसरं भांडं चढवायला लागत नाही, घरच्या बाईचं काम वाढत नाही. काही घरांत कोरा चहा देताना त्यांनाच अवघडल्यासारखं होतं, दूध संपलंय असं कुणाला वाटेल म्हणून. तेव्हा लिंबू मागा. लिंबू पिळलं की तो कोरा न राहता 'लेमन चहा' होतो आणि सगळ्यांची सुटका होते. टपरीवर सगळा चहा दुधातच उकळत असतो, तिथं वाद घालू नका. शेंगदाणे घ्या आणि गप्पांना बसा. सोबत बसणं महत्त्वाचं, कपात काय आहे ते कुणी बघत नाही.

४. लग्नाचा मांडव

नवरीच्या बापाला त्या दिवशी तुमचं दूध-तूप सांगू नका, त्याला तेवढाच ताप नाही. आचाऱ्याकडं जा. मांडवामागं तो भेटतो आणि दोन मिनिटांत खरं सांगतो. पंगतीच्या लग्नात वरण, भात, पुरी, वांग्याची भाजी बहुतेक तेलातली असते, तूप पडतं ते वाढताना. बुंदी कशात तळली ते विचारा. पुष्कळदा ती वनस्पती तुपातली, म्हणजे डालड्यातली असते. त्यात दूध नसतं, तब्येतीचा विचार वेगळा. जिलबीच्या पिठात दही असू शकतं. मठ्ठा सरळ सोडायचा. बुफेत पनीर, काजूची ग्रेव्ही, नान, दाल मखनी यांना हात लावू नका. साधी तंदुरी रोटी, जिरा राईस आणि दालफ्राय तूप-बटर टाळून मिळाले तर मिळाले. मी घरून भाकरी खाऊनच निघतो.

पंगतीत बसताना कुणाशेजारी बसता हे आधी ठरवा. माझा एक चुलतभाऊ आहे, खाण्यात मोकळा आणि पोटानं खोल. पानात चुकून काही पडलं की ते उष्टं होण्याआधी त्याच्याकडं सरकतं. पानात टाकून उठणं हा आपल्याकडं तुपाला नाही म्हणण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे, आणि मला तो मान्य आहे.

ऑफिसातला केक, ढाबा, एसटी स्टँड यांचं एवढं अवघड नाही. केकचा तुकडा हातात घेऊन फोटो काढायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. स्टँडवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा), पोहे, भजी मिळतातच. पुड्यावरचा हिरवा ठिपका बघून मात्र फसू नका. दूध आणि मध असलेल्या मालावरही तो असतो. पूर्ण वनस्पतीजन्य मालासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२२ चे नियम आहेत, त्यात वेगळं हिरवं चिन्ह आहे, पण आपल्या किराणा दुकानात ते क्वचितच दिसतं. मागची बारीक अक्षरं वाचा.

५. प्रसाद

पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर. पाचांपैकी चार आपल्याला वर्ज्य, हिशेब सरळ आहे. सत्यनारायणाचा शिराही तुपातला. इथं 'मी खात नाही' असं मोठ्यानं बोलायचं नाही. हात पुढं करा, घ्या, कपाळाला लावा आणि घरच्या लेकराच्या हातावर ठेवा. लेकरं या कामी फार उपयोगाची असतात. तीर्थ म्हणून थेंबभर आलं तर काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी तळहातावर घेतो आणि डोक्यावरून फिरवतो. आईला ते चालतं.

ईदच्या दिवशी मित्राच्या घरी शीरखुर्म्याचा असाच प्रश्न होता. त्याच्या अम्मींनी तोडगा काढला. दूध घालण्याआधीच भिजवलेले खजूर, बदाम, चारोळी एका वाटीत माझ्यासाठी बाजूला काढतात. सांगितलं मी होतं, पण सुचलं त्यांना.

६. वेळ अमावस्या आणि हुरडा

लातूर-धाराशिवकडचा हा सण बाहेरच्यांना फारसा माहीत नाही. मार्गशीर्ष अमावस्येला गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा आणि मग वनभोजन. आमच्यासारख्यासाठी वर्षातला हा सर्वांत सोपा दिवस. भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी. अडचण एकच, आंबील. ती ताकातली असते आणि मडक्यात सगळ्यांसाठी एकच असते. आम्ही घरी ज्वारीचं पीठ आदल्या रात्री पाण्यात आंबवतो, त्यात लसूण-जिरं-मीठ घालतो आणि लहान मडकं वेगळं नेतो. गेल्या वेळी ते आमच्याआधी शेजारच्या शेतातल्यांनी संपवलं. खीर आली तर ती दुधाची की गुळाच्या पाण्यातली, तेवढं विचारून घ्या.

हुरड्याला तर विचारायलाच नको. भाजलेलं कणीस, चोळलेला गरम हुरडा, तिळाची चटणी, गूळ, बोरं. दह्याची वाटी आली तर पुढं सरकवायची.

७. वाद

"मग ताकद कुठून येणार?" हा प्रश्न येणारच. आकडे खिशात ठेवा, पण विचारल्याशिवाय काढू नका. १०० ग्रॅम गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच नाचणीत तिप्पटीच्या आसपास. तीळ त्याहूनही पुढं. प्रथिनांना तूर, हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन आहेत. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करा: बी-१२ जीवनसत्त्व या जेवणातून मिळत नाही, त्याची गोळी घ्यावी लागते. मी घेतो. डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून. हे आपणहून सांगितलं की समोरच्याचा निम्मा आवेश उतरतो.

आणि गोठा असलेल्या माणसाच्या ओसरीवर बसून दुधावर प्रवचन देऊ नका. २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीत जनावरांसोबत महिनोन्महिने काढलेली माणसं बीड-धाराशिवकडं भेटतात. पीक गेलं तेव्हा दुधाच्या हप्त्यावर त्यांच्या घरची चूल पेटली. जनावरांवरचं प्रेम त्यांना शिकवायला मी कोण? कुणी विचारलं "का सोडलं?" तर माझं उत्तर ठरलेलं आहे: "मला सोडावंसं वाटलं." पुढं विचारलं तर पुढं बोलतो. फार जण पुढं विचारत नाहीत.

८. धोंड्याचं जेवण

शेवटी जावयांसाठी. अधिक महिना आला की सासुरवाडीहून बोलावणं येतं. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून केलेले धोंडे, अनारसे, आणि सगळ्यावर तुपाची धार. इथं टाळाटाळ चालत नाही, जावई आला नाही तर गावात चर्चा होते. २०२३ ला अधिक श्रावण होता. मी महिनाभर आधी सासूबाईंना फोन केला, बायकोला मध्ये न घालता. (मध्ये घातलं की तिचीच खरडपट्टी निघते.) अनारसे तेलात तळता येतील का विचारलं. धोंड्यांवर तुपाऐवजी गुळवणी घाला म्हणालो, पुरणपोळीवर घालता तशी, दूध न टाकता. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "बघते."

जेवायच्या दिवशी चांदीची तुपाची वाटी ताटाशेजारी होतीच. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी ती उचलली आणि धोंड्यांवर ओतली, गडद तांबडी, वेलदोड्याच्या वासाची गुळवणी. शेजारच्या पाटावर मामेसासरे बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं.

"अगं, जावयाला गुळाचं पाणी वाढायलीस का?"

"त्यांना इचारून वाढलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा भरायला आत गेल्या.