छतावर सोलर बसवताय? निदान या चुका तरी टाळा

दर डिसेंबरात मला एकच फोन येतो, माणसं फक्त वेगळी. “दादा, उन्हाळ्यात लय भारी चाललं होतं, आता युनिटच पडेनात. इन्व्हर्टर गेला काय बघा.” इन्व्हर्टर, म्हणजे प्लेटांची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, गेलेला नसतो. सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, आणि तो दरवर्षी जातो हे प्लेटा बसवताना कुणी लक्षात घेतलेलं नसतं.

मी साताऱ्याच्या बाजूला वायरिंगची कामं करतो. पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली आणि तेव्हापासून नवीन सोलर बसवण्यापेक्षा दुसऱ्यांनी बसवलेलं निस्तरण्यातच माझे जास्त दिवस जातात. योजनेशी माझं भांडण नाही. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात येतं. साध्या घराला एवढं पुष्कळ झालं. माझा राग आहे तो “आठ दिवसांत बसवून द्या” म्हणणाऱ्यांवर आणि “चार दिवसांत देतो” म्हणणाऱ्यांवर.

छतावर ३ किलोवॅट बसले की सरकारदरबारी त्यांची नोंद होते, फोटो अपलोड होतो, काम संपतं. पण कोळसा वाचतो तो युनिट तयार झालं तर. आपल्या ग्रीडमधल्या, म्हणजे तारांवरून घरोघरी येणाऱ्या विजेच्या, एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नीट बसवलेला एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो. सावलीत बसवलेला दोन देतो, आणि अनुदान दोघांना सारखंच मिळतं. आता चुकांकडे वळू.

सावली मे महिन्यात बघणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका निवृत्त मास्तरांचं घर होतं. ५४० वॅटच्या सहा प्लेटा, सगळं नवंकोरं. ज्याने बसवलं तो पाहणीला आला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी. आमच्याकडे त्याच सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली. अशा वेळी पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्या बुडाबाहेर येईल कशी? गडी म्हणाला, “सर, छत एकदम क्लियर आहे,” आणि टाकीच्या उत्तरेला पाच फुटांवर प्लेटा ठोकून गेला.

जून ते सप्टेंबर कुणाला काही कळलं नाही, कारण पावसाळ्यात सगळ्यांचंच उत्पादन पडतं. डिसेंबरात महिन्याला साडेतीनशे युनिट यायला हवे होते, आले दोनशे दहा. मास्तरांनी तक्रार केली तर बसवणाऱ्याने आधी “ढगाळ हवामान” सांगितलं, मग “धूळ”, मग इन्व्हर्टर बदलून दिला. नव्या इन्व्हर्टरवर आले दोनशे पाच.

मी गेलो तेव्हा पिशवीत एक खडू होता, दुसरं काही नाही. सकाळी नऊला टाकीच्या सावलीभोवती स्लॅबवर रेघ मारली, बाराला दुसरी, तीनला तिसरी. मधल्या वेळात मास्तरीणबाईंनी दोनदा चहा दिला आणि हा माणूस नुसता बसून पैसे घेणार की काय, अशा नजरेने पाहिलं. संध्याकाळी रेघा दाखवल्या. दिवसभर आळीपाळीने दोन प्लेटा तरी सावलीत होत्याच.

दोनच प्लेटा, मग एवढा फटका का? प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात. बागेला पाणी घालताना नळीवर एका जागी पाय पडला तर पुढची सगळी नळी ठीक असूनही पाणी येत नाही, तसंच हे. प्लेटेच्या आत डायोड असतात, ते सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे काढतात. पण तो भाग तेवढ्यापुरता मेलाच. प्लेटेच्या खालच्या कडेला वीतभर सावली पडली तरी चांगला मोठा हिस्सा बाद होऊ शकतो.

माझा नियम पुस्तकी नाही. दक्षिणेला जी काही वस्तू असेल, मग ती टाकी असो, जिन्याची खोली असो नाहीतर शेजाऱ्याचा नारळ, तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडायचं. आमच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी बाराची सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी असते, सकाळी साडेनऊची पावणेदोन पट. दुप्पट सोडलं की डोक्याला ताप नाही. जागा नसेल तर स्ट्रक्चर, म्हणजे प्लेटांखालचा सांगाडा, उंच करा. मास्तरांकडे टाकीच हलवली. प्लंबरचे दोन दिवस आणि थोडा पाइप लागला. इन्व्हर्टर बदलण्याची गरज कधीच नव्हती.

आणि शेजाऱ्याला एकदा विचारा, वर मजला चढवायचा विचार आहे का. लाज वाटत असेल तर चहाला बोलवून विचारा.

बिलावरचं नाव न बघणे

कुणी सोलरसाठी बोलावलं की मी आधी छतावर चढत नाही, लाइटबिल मागतो. कारण निम्म्या घरांत बिल वडिलांच्या नावावर असतं आणि वडील जाऊन दहा-बारा वर्षं झालेली असतात. महावितरणला पैसे मिळतात, घरच्यांना लाइट मिळते, त्यामुळे कुणाचं अडत नाही. अडतं ते अर्ज करताना. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि अनुदान जमा होणारं बँक खातं एकाच माणसाचं हवं.

एकाने हे “नंतर बघू” म्हणून आधी प्लेटा चढवल्या. नाव बदलायला गेला तर वारसांच्या संमतीवर गाडी अडली. पुण्यातल्या भावाला वाटलं, सही केली तर घरावरचा हक्क जाईल. बहीण म्हणाली, तो करेल तेव्हा मी करते. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि ग्रीडला दिलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, नाही म्हणून प्लँट सुरू करता येईना. फेब्रुवारी ते मे, वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन, आणि प्लेटा नुसत्या उन्हात तापत बसल्या. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून चालू. शेवटी एका लग्नात मामाने मध्यस्थी केली तेव्हा सह्या झाल्या. वायरमनच्या आवाक्यातलं काम नव्हतं ते.

लाइट गेली की सोलर चालेल असं समजणे

चालणार नाही. बॅटरी नसलेला, ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, आणि तो बंद झालाच पाहिजे. खांबावर वायरमन चढलेला असतो. तुमच्या छतावरून लाइनीत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. हे आधी सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून विकणारा सांगत नाही. मग पहिल्या भारनियमनाला मला शिव्या बसतात, ज्याने काही विकलेलंच नाही.

यावरचे जुगाड मी पाहिलेत. एकाने जनरेटर थेट त्याच बोर्डावर घेतला. इन्व्हर्टरला वाटलं लाइट आली, तो सुरू झाला. घरात एक फ्रिज आणि दोन पंखे, बाकीच्या विजेला जायला वाट नाही, ती उलटी जनरेटरमध्ये शिरली. जनरेटर दुरुस्तीचं बिल मी बघितलं नाही, पण ते गृहस्थ दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते.

तुमच्याकडे रोज चार तास लाइट जात असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि त्याचे पैसे मोजा. आठवड्यातून तासभर जात असेल तर घरातला जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरे.

बाकीच्या चुका पटापट सांगतो, कारण त्यांत समजावण्यासारखं फार नाही.

शेजाऱ्याने पाच किलोवॅट घेतला म्हणून आपणही पाच घेणे. तीनच्या पुढे अनुदान वाढत नाही, आणि ३१ मार्चला उरलेले युनिट तुम्ही वीज घेता त्याहून बऱ्याच कमी दराने जमा होतात. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. महिन्याच्या सरासरीला ११० ने भागा, येतील तेवढे किलोवॅट, झाला हिशोब.

स्वस्त पडतं म्हणून अनुदानाच्या कामात परदेशी सेलच्या (सेल म्हणजे प्लेटेतले वीज तयार करणारे तुकडे) प्लेटा घेणे. अनुदानाला देशी सेल-पॅनेलची अट आहे. अर्ज तिथेच अडकतो.

पत्र्याला चिकटवून प्लेटा बसवणे. प्लेटेवर छापलेले वॅट २५ अंशांचे असतात. एप्रिलच्या दुपारी प्लेट ६० अंशांच्या वर जाते आणि दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. खालून वारा खेळू द्या.

पातळ अँगलचं स्ट्रक्चर. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ त्याने पाहिलंय. घाटावरचे मात्र अजून नटबोल्टात पैसे वाचवतात.

अर्थिंगसाठी घरातल्या जुन्याच वायरीला टाका मारणे. प्लेटा, इन्व्हर्टर आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक, तिघांना वेगळं अर्थिंग. यावर मी वाद घालत नाही, पेटी उचलून घरी जातो.

भर दुपारी गार पाण्याने धुणे. काच तडकण्याची भीती असते आणि पाणी लगेच वाळून डाग राहतात ते वेगळेच. सकाळी लवकर धुवा, आणि बोअरचं जड पाणी वापरू नका. हे मी माझ्याच घरी केलं होतं. वर्षभरात काचेवर क्षारांचा पांढरा थर बसला, जसा गिझरच्या कॉइलवर बसतो. घासता घासता खांदा गेला.

सार्वजनिक इमारतींवरच्या सोलरची गोष्ट जास्त वाईट. एका शाळेवर ५ किलोवॅटचा प्लँट होता. मी वेगळ्याच कामाला गेलो होतो, सहज इन्व्हर्टरची खोली उघडायला लावली. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. आत एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप बंद होणारं बटण, पडलेली होती आणि इन्व्हर्टरमधल्या नोंदीप्रमाणे आठ महिने एकही युनिट तयार झालं नव्हतं. उद्घाटनाची लाल फीत अजून रेलिंगला लटकत होती. मी बोटाने एमसीबी वर केली, प्लँट सुरू. आठ महिन्यांत पाच हजारांच्या आसपास युनिट बुडाले, म्हणजे तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, एका बोटाच्या कामासाठी. निविदेत प्लेटा, वायर, नटबोल्ट सगळं होतं, रोज जाऊन आकडा बघणारा माणूस नव्हता. धोरण आखणाऱ्यांनी अनुदानाचा काही भाग वर्षभराच्या युनिटांवर द्यावा असं माझं मत आहे, पण मला विचारतंय कोण.

घरोघरी आणखी एक प्रकार चालतो: “आता फुकटच आहे.” आधी रात्री चालणारा एसी सोलर आल्यावर दुपारी, रिकाम्या खोलीतही चालू. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे बदलणं हे छतावर आणखी एक प्लेट चढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. मी आधी पंखे बदलायला सांगतो, तर गिऱ्हाइकाला वाटतं याला सोलरमधलं कळत नाही.

ॲपवर विसंबू नका. वायफायचा पासवर्ड बदलला की ॲप मुकं होतं आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या नोंदीशेजारी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा युनिटचा आकडा लिहा. सलग तीन चांगल्या उन्हाच्या दिवशी तो नेहमीपेक्षा पाव हिश्शाने खाली आला तर आधी सावली बघा, मग धूळ, मग एमसीबी. त्यानंतर मला फोन करा, आणि डिसेंबरात असेल तर आधी खडू घेऊन वर जाऊन या.