'काळी एक' गिटारवर कुठे असते? पेटीवाल्या मंडळींसाठी थोडी थिअरी

श्रावणात आमच्या वाड्यावर, फोंड्याजवळ, भजनी सप्ता असतो आणि तीन वर्षांपूर्वी तिथे मी पहिल्यांदा गिटार घेऊन बसलो. त्याआधी वर्षभर मोबाईलवर बघून बघून पंधरा-वीस कॉर्ड (एकदम वाजवायचे सुरांचे गट) पाठ केल्या होत्या, बोटांना घट्टे पडले होते, आणि बुवा म्हणाले "काळी एक धर" (म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धर) तर माझा हात जागच्या जागी थांबला. पेटीवर काळी एक डोळे मिटून सापडते मला, देवळात लहानपणापासून वाजवतोय, पण गिटारवर ती कुठे? अख्खं भजन गिटार मांडीवर ठेवून ऐकलं. फार लागलं ते मनाला.

नंतर मडगावला एका सरांकडे जायला लागलो, ते लहानपणी इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत दो रे मी शिकलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बोटं बघितली आणि म्हणाले, "पयलीं सूर मेज, मागीर कॉर्ड धर." मेज म्हणजे मोज. महिनाभर एकही गाणं नाही, फक्त मोजणी. आज कोणी नवीन विचारलं की मीही हेच सांगतो, कारण जे पेटीवर किंवा भजनात वाढलेत त्यांना अर्धी थिअरी आधीच येते, फक्त ती गिटारवर मांडून बघितलेली नसते.

तर मोजणी अशी. पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत काळ्या-पांढऱ्या धरून बारा पायऱ्या, गिटारवर एक फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला खण) म्हणजे तीच एक पायरी, म्हणून बाराव्या फ्रेटवर तोच सूर वरच्या सप्तकात येतो. टेप घेऊन मोजा, बारावा फ्रेट तारेच्या जवळजवळ बरोब्बर मध्यावर असतो, तार निम्मी झाली की सूर दुप्पट उंच. आता कुठलीही एक तार घ्या, मोकळी तार सा धरा आणि 2, 4, 5, 7, 9, 11, 12 या फ्रेटवर वाजवा. बिलावल (सगळे शुद्ध सूर) आला ना? इंग्रजीत त्यालाच मेजर स्केल म्हणतात. नवीन काही नाही, ग-म मध्ये आणि नी-सा मध्ये एकच फ्रेट, बाकी सगळीकडे दोन.

पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प (शार्प म्हणजे एक पायरी वर), पांढरी दोन डी, असं पुढे. जाड बाजूने दुसरी तार ए ची, तिच्यावर तिसऱ्या फ्रेटला सी, चौथ्याला सी शार्प. ही झाली बुवांची काळी एक! पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि सी ची कॉर्ड धरा, झालं. काळी चार म्हणजे जी शार्प, तिथे पण कॅपो पहिल्यावरच आणि जी ची कॉर्ड.

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो कॉर्ड उलगडली तेव्हा. सी ची कॉर्ड धरा आणि जाडी सोडून एकेक तार सावकाश छेडा: सी, ई, जी, सी, ई. म्हणजे सा, ग, प, सा, ग. एवढंच! मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प. मायनर म्हणजे ग कोमल, बाकी तेच. खात्री करायची तर ए मेजर धरा, बी च्या तारेवरचं (बारीक बाजूने दुसरी) बोट दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आणा (बोटं बदलावी लागतात, चालेल), ए मायनर झाली. तो एकटा ग एक फ्रेट खाली आला आणि सगळा रंग बदलला. त्या संध्याकाळी मी हे कितीतरी वेळा वाजवलं.

मग कुठली कॉर्ड कुठे, हे पण पाठ करायला नको. बिलावलच्या सुरांतूनच एक सोडून एक सूर घेत गेलात तर सा, म, प वर मेजर बनते आणि रे, ग, ध वर मायनर. सी मध्ये सी, एफ, जी मेजर आणि डी, ई, ए मायनर. नी वरची वेगळी असते, डिमिनिश्ड, ती सुरुवातीला सोडा. साध्या चालीचं भजन असेल तर सा-म-प च्या तीन कॉर्डवर बरंचसं निभतं.

एक मात्र जपा. आपल्याकडे राग एकेका सुराने उलगडतो, कॉर्ड एकदम तीन सूर अंगावर टाकते, त्यामुळे गाणारा आलापात असेल तर गिटार थांबवावी, मुखड्यावर परत यावं. शिवाय फ्रेटवरचा ग तंबोऱ्यातल्या ग पेक्षा किंचित चढा असतो, पेटीसारखाच, कान तयार झाला की ते जाणवतं.

रीतसर शिकायचं असेल तर पणजीला कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे, चौकशी करा. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) पहिल्या दिवशी नको, आधी हे मोजणं कानात आणि बोटांत बसू द्या.

आणि भैरवी वाजवून बघाच. जाड ई ची तार मोकळी, मग 1, 3, 5, 7, 8, 10, 12. पाश्चात्य लोक याला फ्रिजियन म्हणतात. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 1977 मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानातून गेलेली ध्वनिमुद्रिका भैरवीतलीच. ती लावा, त्यांचा सा तुमच्या गिटारवर कुठे येतो तो शोधा, तिथे कॅपो लावा आणि हळूहळू त्यांच्या सुरामागे वाजवत जा.